किल्ली खिशात, गाडी दारात!

वाचकहो, हल्ली काही मोटारसायकलींना किल्ली लावावीच लागत नाही. ती खिशात असली की बटण दाबायचे आणि निघायचे! पण हेच बटण पहाटे दगा देते तेव्हा काय होते, ते आमच्या शेजारच्या भाऊंनी अनुभवले. पहिल्या पाळीचा खाडा झाला, गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी लागली. तेथे नवी किल्ली व कंट्रोल युनिट असा हजारोंचा खर्च सांगण्यात आला. आम्ही सोबत होतो. म्हटले, "भाऊ, आधी घरातली दुसरी किल्ली मागवा." तिने गाडी लगेच सुरू झाली! दोष होता पहिल्या किल्लीतील नाण्याएवढ्या सेलचा.

ही किल्ली म्हणजे छोटा वायरलेस संचच. गाडी साद घालते, किल्ली आपला सांकेतिक क्रमांक कळवते. तो जुळला तरच इंजिन सुरू होते. म्हणून गाडी अडली तर असे क्रमाने पाहा :

१) इंजिन बंद करण्याचे लाल बटण, न्यूट्रल आणि साइड स्टँड तपासा.

२) मीटर उजळते, पण स्टार्टर नुसता कटकट करतो? मग बहुधा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे.

३) मीटरच उजळत नाही? किल्ली मोबाइल व इतर चाव्यांपासून वेगळी करून गाडीजवळ धरा. मग दुसरी किल्ली वापरून पाहा.

४) दुसरीने काम झाले, तर पहिलीचा सेल बदला. पुष्कळ किल्ल्यांत ३ व्होल्टचा 'सीआर २०३२' असतो. तरी जुन्यावरचा क्रमांक पाहूनच नवा घ्या.

५) दोन्ही किल्ल्या चालत नसतील, तर माहितीपुस्तिकेत अडचणीच्या वेळचा उपाय पाहा. त्यानंतरच मेकॅनिक.

किल्ली उभ्या गाडीलगत टांगू नका. त्याने सेल लवकर संपतो. दुसरी किल्ली गाडीच्या डिकीत नव्हे, घरात ठेवा.

माता-भगिनींनो, काढलेला सेल मुलांच्या हाती पडू देऊ नका. गिळलेला सेल घशाखाली अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गाठा.

आणि बंधूंनो, घामाचा पैसा मोजण्यापूर्वी "बिघाड नेमका कशात आहे?" एवढे जरूर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. भाऊंचे हजारो रुपये त्यामुळेच वाचले.