आडनांवांच्या मागें : म्यूलर

मोक्षमूलरभट्ट हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. सायणभाष्यासह ऋग्वेदाची जी सहा खंडांची आवृत्ति इ. स. १८४९ ते १८७४ या काळांत प्रसिद्ध झाली, तिच्या संस्कृत मुखपृष्ठावर संपादकानें ऑक्सफर्डचें 'गोतीर्थ' केलें व स्वतःस मोक्षमूलर म्हणविलें. मोक्षाचें मूळच हातीं लागल्याचा भास करून देणारें हें आडनांव मूळचें म्यूलर. आणि त्याचा अर्थ केवळ चक्कीवर धान्य दळून देणारा, एवढाच आहे!

लॅटिन भाषेंत दळणाच्या दगडास 'मोला' म्हणत. त्यावरून पुढें 'मोलिनारिउस' व त्यापासून जर्मन म्यूलर. उत्तर जर्मनींत त्याचेंच म्योलर होतें; आणि पांडित्याची हौस असलेल्या कांहीं घराण्यांनीं लॅटिन वेष घेतला, तो मोलिटोर. आज जर्मनींत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव हेंच.

इतके दळणारे त्या देशांत आले कोठून? खरें पाहतां गांवांत चक्कीवाला बहुधा एकच असे, आणि मर्म त्यांतच आहे. बाराव्या शतकापासून पुढें नुसत्या योहान, पेटर या नांवांनीं माणूस ओळखूं येईना, तेव्हां 'चक्कीवाला पेटर' म्हटलें कीं काम भागे. आपल्याकडेही कुळकर्णी गांवाला एक, जोशी एक; तरी ही आडनांवें उदंड आहेतच.

मग दळणाऱ्याचें आडनांव आपल्याकडे का रुजूं नये? आपलें जातें घरांत होतें, आणि पहांटे त्यावर बसत त्या घरच्या बायका. तिकडे पुष्कळ ठिकाणीं जमीनदाराचा निर्बंध असे कीं, कुळांनीं नेमून दिलेल्या चक्कीवरच दळण न्यावें. दळणावळ म्हणून चक्कीवाला धान्याचाच ठरीव वांटा काढून घेई. माप त्याच्या हातीं, आणि दुसरीकडे जाण्याची सोय नाहीं; तेव्हां चोरीचा संशय त्याच्या कपाळीं कायमचा बसला. चक्कीवाले अप्रतिष्ठित गणले जाऊन त्यांच्या मुलांस कारागिरांचे संघ आंत घेईनात. त्यांस मज्जाव करूं नये, असें साम्राज्याच्या कायद्यानें १५४८ सालीं फर्माविलें, आणि १५७७ सालीं तेंच पुन्हां फर्मावावें लागलें. पहिल्या हुकुमाचा प्रभाव किती पडला असेल, हें सुज्ञांस सांगणें नको.

धंदा सुटला तरी नांव सुटत नसे. स्त्रियांच्या आडनांवास पूर्वीं 'इन' हा प्रत्यय लागे. शिलरच्या १७८४ च्या प्रसिद्ध नाटकाचें आधींचें नांव 'लुईझ मिलरिन' असें होतें, आणि त्या लुईझचा बाप चक्कीवाला नसून वादक आहे! खुद्द मोक्षमूलरांच्या घराण्याचीही तीच कथा. त्यांचे आजोबा देसाऊ गांवीं शिंपी होते. वडील विल्हेल्म म्यूलर हे कवि. चक्कीवाल्याच्या मुलीवर भाळलेल्या तरुणाची त्यांची काव्यमाला शूबर्टनें १८२३ सालीं स्वरबद्ध केली, आणि त्याच वर्षीं हा पुत्र जन्मला.

पुढें इंग्लंडांत राहूं लागल्यावर त्यांस वाटलें कीं, नुसत्या म्यूलर या नांवानें आपणांस कोणी निराळें ओळखणार नाहीं. म्हणून त्यांनीं स्वतःचें माक्स हें नांवच आडनांवास जोडून घेतलें. मोक्षमूलरांतला मोक्ष निघाला, तो या माक्सपासून.