‘मॉइल’ आणि आमचे राबणे

‘टॉइल अँड मॉइल’ ही इंग्रजी जोडी वर्गात आली की दोन्ही शब्दांना मिळून ‘कठोर परिश्रम’ असा एकच प्रतिशब्द बहुधा फळ्यावर उमटतो. ‘टॉइल’ ओळखीचा, ‘मॉइल’ मात्र यमकासाठी मागे लागलेला शब्द समजून सोडून दिला जातो. आमच्या मते त्यात अर्थाचा मोठा भाग हातचा जातो.

‘मॉइल’चे मूळ जुन्या फ्रेंचमधून लॅटिन ‘मोलिस’पर्यंत, म्हणजे ‘मऊ’ या अर्थापर्यंत पोचते. इंग्रजीत तो आधी ‘भिजवणे’, मग ‘चिखलाने माखणे’ आणि पुढे ‘चिखलात राबणे’ असा अर्थ बदलत आला. १९०७ साली रॉबर्ट सर्व्हिस यांनी युकॉनमध्ये सोने शोधणाऱ्यांसाठी तो कवितेत योजला, तेव्हाही ही माती त्याला चिकटलेली होती.

‘परिश्रम’ हा त्यामानाने कोरडा शब्द. सत्काराच्या भाषणात तो शोभतो, पण त्यात कोणाचे अंग भिजत नाही. मावळात भातासाठी चिखलणी करणारा गुडघाभर गाळात उभा असतो. शेजारच्या चाकणमध्ये यंत्रावर सुटे भाग घडवणाऱ्याचे कपडे तेलाने आणि कुलंटने ओले होतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यानंतरच्या दशकांत या पट्ट्यातील कितीतरी घरे शेतातून कारखान्यात गेली. चिखल बदलला, माखणे राहिले. या घरांतील मुले आज साहित्याच्या वर्गात बसतात. त्यांना ‘मॉइल’ समजावायला कोश कमी आणि घर अधिक उपयोगी पडेल.

मराठीत त्यासाठी ‘राबणे’ आहे, ‘काबाडकष्ट’ आहे. हे शब्द ग्राम्य आहेत, ललित गद्याला पेलत नाहीत, असा आक्षेप येईल. पण ‘राबणे’चेच प्रयोजक रूप ‘राबवणे’ आपण शासकीय गद्यात बिनदिक्कत वापरतो. योजना राबवल्या जातात, धोरणे राबवली जातात. तेव्हा त्या शब्दाला कोणी ग्राम्य म्हणत नाही. राबवणाऱ्याचे क्रियापद प्रतिष्ठित आणि राबणाऱ्याचे मात्र गावठी, हा भेद भाषेने केलेला नाही, आम्ही शिकल्यासवरलेल्यांनी केला आहे.

म्हणून फळ्यावर ‘मॉइल’पुढे ‘राबणे’ लिहावे, एवढेच आमचे म्हणणे. निदान शब्दाच्या अंगावरचा चिखल तरी आपण पुसू नये.