तारखा पाहा, मग रागवा

पंधरा वर्षांची मुलगी दर महिन्याला चार दिवस चिडते, रडते, पोट फुगल्याचें सांगते; आणि आमचीं सुशिक्षित घरें तिला ‘हट्टी’ ठरवून मोकळीं होतात! पाळीपूर्वीच्या या त्रासाचें वर्णन न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनीं १९३१ सालींच केलें. आमच्या माजघरांत तें अद्याप पोंचावयाचें आहे. दुधाचा हिशेब कॅलेंडरावर मांडणाऱ्या मातेला मुलीच्या तारखांचीच लाज कां वाटावी, असें आम्ही विचारतों. दोन महिने मुलीनेंच टिपण ठेवावें. त्रास पाळीपूर्वी येऊन ती सुरू झाल्यावर ओसरत असेल, तर उपदेश आवरावा. झोप व व्यायाम सांभाळावा. शाळा बुडूं लागली किंवा जीव नकोसा झाला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. आणि वडिलांनीं ‘बायकांचा विषय’ म्हणून हें पान उलटूं नये.