गृहपाठातील ‘गृह’ कोणाचे?

दिवेलागणीच्या सुमारास घरोघरी एकच दृश्य दिसते. वही उघडी आहे, पेन्सिलीचे टोक दातांत आहे आणि प्रश्न अडला आहे. ज्या घरात आईवडील शिकलेले आहेत, तेथे हाक मारताच मदत मिळते. ज्या घरातून शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथील मुलाने हाक कोणाला मारावयाची? शाळा दोघांनाही सारखाच गृहपाठ देते. परंतु त्यातील ‘गृह’ दोघांचे सारखे नाही, याचा आपणांस सोयिस्कर विसर पडतो.

गृहपाठाच्या ओझ्याची चर्चा आपल्याकडे नवी नाही. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक, असा निष्कर्ष प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच काढला होता. पुढे केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला एक तास आणि नववीपासून दोन तास अशी कमाल मर्यादा सुचविली. घड्याळाचा हिशेब झाला. पण त्या तासाभरात मूल अडले, तर काय? ‘न समजण्याचे ओझे’ मिनिटांनी मोजता येत नाही.

ही पोकळी प्रथम गाईडांनी भरली, मग शिकवणीच्या वर्गांनी आणि आता खिशातील मोबाईलने. प्रश्न विचारावा आणि क्षणार्धात सुबक उत्तर मिळावे, अशी सोय झाली आहे. या साधनांना सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे. विचारावयास घरात कोणीच नसलेल्या मुलाला तो आधारही वाटेल. परंतु उत्तर मिळणे आणि शंका फिटणे या दोन भिन्न गोष्टी होत. वहीत उत्तर उतरते, शंका मात्र होती तेथेच राहते आणि परीक्षेच्या दिवशी पुन्हा समोर उभी ठाकते.

मग मदत म्हणजे नेमके काय? शंभर रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली व नंतर २० टक्क्यांनी उतरली, तर ती किती झाली? बहुतेक मुले ‘शंभरच’ म्हणतात. येथे ‘शहाण्णव’ असे सांगून टाकणे ही मदत नव्हे. ‘दुसऱ्या वेळचे २० टक्के कशाचे?’ एवढेच विचारावे. मूल क्षणभर थांबते, एकशेवीसकडे पाहते आणि चोवीस रुपये त्याचे तेच वजा करते.

विषय बदलला की विचारण्याची रीतही बदलते. थंड पेल्याच्या बाहेर पाणी का जमते, याचे उत्तर ‘संघनन’ या एका शब्दात लिहून मुले मोकळी होतात. हे पाणी पेल्यातून झिरपले की हवेतून आले आणि गरम चहाच्या पेल्याबाहेर ते का दिसत नाही, असे विचारले की त्या शब्दाला अर्थ येतो. भूगोलात महाबळेश्वरी धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका अवर्षणग्रस्त, असे का, हे नकाशावर बोट ठेवून वाऱ्याची दिशा दाखविल्यावाचून उमगत नाही. इतिहासात १८५७ च्या उठावाची कारणे मुले ओळीने पाठ करतात. पण काडतुसांचा संताप शिपायाचा होता, संस्थान खालसा झाल्याचा संताप झाशीचा होता, आणि सातारचे राज्य तर १८४८ मध्येच खालसा झाले होते. मग हे सारे एकत्र कसे आले, असा प्रश्न केला की यादीचा इतिहास होतो. आणि पावसाळ्यावरचा निबंध? ‘तुमच्या आळीत पहिला पाऊस पडला की काय होते?’ एवढे विचारणारा कोणी असला, तर गाईडातील मोर आपोआप उडून जातो.

हे सारे करावयास शिक्षकाला वेळ कोठे आहे, असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली खरी. पण जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण हे अपवाद राखले. त्याच कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणीही मना केली. ते योग्यच झाले. तथापि जी मदत विकत देता येत नाही, ती फुकट मिळण्याची व्यवस्था शाळेतच असावयास हवी. शाळा सुटण्यापूर्वीचा अर्धा तास केवळ शंकांसाठी राखावा. आठवी-नववीच्या मुलांनी चौथी-पाचवीच्या मुलांजवळ बसावे. दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःचेही ज्ञान पक्के होते. कचेरीतून निवृत्त झालेल्या कारकुनाने आठवड्यातून दोन संध्याकाळी व्याजाची व नफातोट्याची उदाहरणे मुलांसमवेत सोडवावीत. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक खोली, एक फळा आणि थोडा धीर पुरेसा आहे.

धीर हाच शब्द येथे महत्त्वाचा. मुलाला ‘तू कोठे अडलास?’ असे विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहणारे माणूस ज्याच्या घरी नाही, त्याला ते शाळेत तरी भेटले पाहिजे. तोवर गृहपाठ ही घराचीच परीक्षा राहील आणि तिचे गुण मात्र मुलाच्या नावावर मांडले जातील.