हल विकणारा चालक चंचल नसतो : उभ्या जेट स्कीच्या इतिहासातील एक हट्टी गैरसमज

१/
उभ्याने चालवायच्या जेट स्कीविषयी एक समजूत इतकी रुजली आहे की ती तपासून पाहावी असेही कोणाला वाटत नाही. अमेरिकेतला एखादा चालक हजारो डॉलर मोजून खास कसरतींसाठी घडवलेला फ्रीस्टाइल हल घेतो आणि दोन-तीन हंगामांत तो विकून दुसरा आणतो. यावर ठरलेला निवाडा असा : पैसा उतू चालला आहे, नव्याची हौस आहे, दुसरे काय! हा निवाडा आळशी आहे. त्याहून वाईट म्हणजे तो ज्या इतिहासातून येतो, तो इतिहासच चुकीच्या टोकाकडून लिहिला गेला आहे.

२/
आधी वस्तूची ओळख. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा मालवण-तारकर्लीला पर्यटक जिच्यावर बसून फेरी मारतात, ती बैठी जेट स्की. येथे विषय तिचा नाही, तिच्या सडपातळ बहिणीचा आहे. तिला आसन नसते. मागे पाय रोवण्यासाठी खोलगट ट्रे, पुढे बिजागरीवर वर-खाली होणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला हँडल. इंजिन पोटात असते. ते इम्पेलर फिरवते, इम्पेलर तळाखालून पाणी ओढून मागच्या तोंडातून जोराने फेकतो आणि यान पुढे झेपावते. सुकाणू नाही. थ्रॉटल सोडला की वळण्याची शक्तीही जवळजवळ संपते. हे सारे पोटात घेणारे, तळासकटचे कवच म्हणजे हल. (नांगराशी संबंध नाही, बलरामाशीही नाही.)

३/
प्रचलित कथा अशी सांगतात. क्लेटन जेकबसन नावाच्या मोटोक्रॉसवेड्या अमेरिकनाने १९६० च्या दशकात पाण्यावरच्या मोटारसायकलची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९७१ मध्ये कावासाकीशी त्याचा करार झाला आणि १९७३ पासून कावासाकीची उभी जेट स्की विक्रीस आली. मग ४०० सीसी, ४४०, ५५०, ६५०, ७५०, ८००. मध्ये १९९० साली यामाहाची सुपरजेट अवतरली. २०१७ मध्ये कावासाकीने थेट १,५०० सीसीचे फोर-स्ट्रोक यंत्र आणले. आकडे चढत गेले, यंत्र 'प्रगत' होत गेले. इतिहास संपला.

यात खोटे काही नाही. पण ही कथा कारखान्याच्या माहितीपत्रकाची आहे आणि माहितीपत्रकाला इतिहास समजणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला न शोभणारा भाबडेपणा होय.

४/
ही शिडी किती ठिसूळ आहे हे पाहण्यासाठी एकच उदाहरण पुरे. १९९६ मध्ये सुपरजेटला नवा हल मिळाला, नाळ, म्हणजे पुढचे टोक, गोलसर झाले. त्यातले टू-स्ट्रोक इंजिन ७०१ सीसीचे होते. २००८ मध्ये हल पुन्हा बदलला. इंजिन ७०१ सीसीचेच राहिले. ते २०२० पर्यंत, टू-स्ट्रोक सुपरजेट बंद होईतो, तसेच राहिले. सीसीच्या शिडीवरून पाहिले तर ही २४ वर्षे निव्वळ साचलेपणाची ठरतात. प्रत्यक्षात याच २४ वर्षांत उभ्या जेट स्कीवरची कसरत ओळखू येऊ नये इतकी बदलली. पाण्यावर गिरक्या घेणारे चालक हवेत उलट्या कोलांट्या मारू लागले, आधी लाटेच्या उतारावरून आणि पुढे चक्क सपाट पाण्यावरून. जो इतिहास आपल्या विषयातल्या सर्वांत मोठ्या उलथापालथीच्या काळाला 'काही घडले नाही' असे म्हणतो, त्याची मोजपट्टीच फेकून द्यायला हवी.

५/
ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी तंत्रज्ञानाच्या इतिहासाबद्दल हाच आक्षेप फार आधी घेतला आहे. शोध कधी लागला यापेक्षा वस्तू कोण, कशी, किती काळ वापरतो हे महत्त्वाचे, असा त्यांचा आग्रह. जेट स्कीला तो तंतोतंत लागू पडतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली ४४० सीसीची कावासाकी ५५० आणि ६५० बाजारात आल्यावरही विकली जात होती, १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत. शिडीची जुनी पायरी नवी पायरी आल्यावर अदृश्य होत नाही. ती कोणाच्या तरी पायाखाली असतेच.

६/
आता मूळ प्रश्न. चालक हल का विकतो?

कारण हल एका विशिष्ट पाण्यासाठी बनलेला असतो आणि चालकाचे पाणी बदलते.

बोयांभोवती शर्यत करणाऱ्याला लांब, स्थिर, वेगात सरळ धावणारा तळ हवा. लाटांवर खेळणाऱ्या फ्रीराइड चालकाला लाटेच्या अंगावर वळणे घेता यावीत, उडून पुन्हा लाटेवर आदळल्यावर नाळ बुडू नये, आणि किनाऱ्यापासून लाटेपर्यंतचे अंतर दमछाक न होता कापता यावे, असा हल लागतो. सपाट पाण्यावरच्या फ्रीस्टाइल चालकाला यांपैकी काहीही नको असते. त्याला हवी असते आखूड लांबी, कमीत कमी वजन आणि वर उचललेली, फुगीर नाळ.

नाळ फुगीर का, यातच सारी मेख आहे. सपाट पाण्यावर उडी मारायला उतार नसतो. तो चालकाला स्वतः निर्माण करावा लागतो. तो शरीराच्या झटक्याने नाळ पाण्यात दाबतो. दाबलेली नाळ, रिकामी घागर पाण्यात दाबून सोडावी तशी, उसळून वर येते आणि नेमक्या त्या क्षणी चालक पूर्ण थ्रॉटल देतो. उसळी आणि पंपाचा धक्का एकत्र आले तर यान आभाळाकडे तोंड करून पाण्याबाहेर निघते. क्षणाचा अर्धा भाग चुकला तर चालक पाण्यात आणि यान त्याच्या शेजारी, किंवा अंगावर.

७/
या एका क्षणासाठी घडवलेला हल बाकी सर्व वेळी त्रास देतो. वेगात नाळ वर-खाली डुचमळते. सरळ रेषा धरत नाही. मैलभर दूरच्या वळणापर्यंत मजेत फेरी मारावी म्हटले तर पाय थरथरू लागतात. तलावावर कोलांट्या मारण्यासाठी हा हल घेतलेला माणूस नोकरीनिमित्त समुद्रकिनारी राहायला गेला की त्याच्या हाती एका झटक्यात चुकीचे अवजार उरते. लाटेने उतार फुकट दिला असताना सपाट पाण्यासाठी केलेली ती सारी तडजोड त्याने कशासाठी सोसावी? तो विकतो. घेणारा बहुधा उलट दिशेने प्रवास करणारा असतो. भातखाचरातला नांगर काळ्या रानात चालत नाही म्हणून तो बदलणाऱ्या शेतकऱ्याला कोणी चंचल म्हणत नाही. (बलरामाला शेवटी बोलवावेच लागले.)

८/
दुसरे कारण देहाचे, आणि ते माहितीपत्रकात कधीच छापले जात नाही.

उभी जेट स्की थांबलेली असताना चालकाला तोलून धरत नाही. प्रत्येक वेळी पडल्यावर पाण्यातून पोटावर ट्रेमध्ये सरकायचे, थ्रॉटल द्यायचा, यान तरंगत वर आले की गुडघ्यांवर, मग पायांवर. हल जितका आखूड तितका त्याचा तरंगण्याचा आधार कमी. साठ किलोंच्या पोराला जो हल खेळणे वाटतो, तोच शंभर किलोंच्या गृहस्थाला दर पडण्यानंतर दमवून सोडतो. आणि शिकाऊ चालक तर सारखाच पडतो. निष्णात खेळाडूंचे पाहून पहिलाच हल कसरतीचा घेणारे नवशिके पहिल्या हंगामानंतर तो विकून जुनी, लांब, साधी सुपरजेट घेताना वारंवार दिसतात. शिडीच्या भाषेत ही अधोगती. पाण्याच्या भाषेत हे शहाणपण, थोडे उशिरा आलेले.

दुसऱ्या टोकाला अनुभवी चालक असतात. उंचावरून सपाट पाण्यावर आपटण्याचा हिशेब घोटे, गुडघे आणि कंबर ठेवत असतात. वीस वर्षांचा देह तो हिशेब पुढे ढकलतो. चाळिशीचा देह सव्याज मागतो. मग कोलांट्यांचा हल जातो आणि लाटांवर वळणे घेणारा, लांब हल येतो. माणूस खेळ सोडत नाही, खेळातला आपला कोपरा बदलतो.

९/
खर्चावर फार बोलण्याची गरज नाही. सपाट पाण्यावर उसळायला मोठे, ताणलेले इंजिन लागते. ते चांगल्या प्रतीचे इंधन ढोसते आणि वारंवार उघडावे लागते. कारखान्याचे हल जाड साच्याचे आणि दणकट. कसरतीचे हल कार्बन फायबर व इपॉक्सीचे, हलके, पण आपटून आपटून सांध्यांवर तडकणारे. जुन्या हलच्या पोटातला फोम पाणी शोषतो आणि यान कोणाच्या नकळत जड होते. यांतले कोणतेही कारण हौसेचे नाही. हौस नसतेच असे कोण म्हणेल? रंग पाहून हल घेणारेही आहेत. पण अपवादाला नियमाच्या गादीवर बसवण्याचे काही कारण नाही.

१०/
आता चालकांच्या आवडत्या दंतकथेकडे वळू. टीका एकट्या बाहेरच्यांवरच का करावी? दंतकथा अशी : सरकारने प्रदूषणाच्या नावाखाली टू-स्ट्रोक मारला, म्हणून उभी जेट स्की संपली, म्हणून लोकांना कारखान्याचे यंत्र सोडून छोट्या कार्यशाळांच्या हलकडे जावे लागले. आरएक्स १०० च्या आवाजाने हळवे होणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हा सूर ओळखीचा वाटेल.

कालक्रम मात्र या कथेला साथ देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा नौका-इंजिनांविषयीचा नियम १९९६ चा. तो १९९८ पासून टप्प्याटप्प्याने २००६ पर्यंत लागू झाला. त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, बैठ्या यानांनी बाजार काबीज केला होता. त्यांच्यावर दोघे-तिघे बसू शकतात, तोल शिकावा लागत नाही, कपडेही फारसे भिजत नाहीत. उभ्या जेट स्कीला बाजूला सारले ते कुटुंबवत्सल गिऱ्हाइकाने. शिवाय नियम आल्यावरही स्पर्धेचे यान म्हणून टू-स्ट्रोक सुपरजेट अमेरिकेत २०२० पर्यंत विकली जात होती. कावासाकीने आपली ८०० सीसीची उभी जेट स्की २०११ नंतर थांबवली, तरी यामाहाची चालूच होती.

नियमांचा परिणाम झाला तो वजनावर. टू-स्ट्रोक सुपरजेट १३९ किलोंची. २०२१ ची फोर-स्ट्रोक सुपरजेट सुमारे १७० किलोंची. २०१७ ची कावासाकी २५० किलोंची. २५० किलो उचलून हवेत उलटे फिरवायचे तर चालकाने आधी कुलदैवताला कौल लावावा. कारखाने शर्यतीकडे आणि वेगाकडे गेले, कसरत करणारे हलकेपणाकडे. ही फारकत वापरातून झाली. कायद्याने तिला फक्त धार दिली.

११/
आणि येथे एक गोष्ट आहे जिच्याकडे शिडीवाल्यांचे लक्षच जात नाही. हल विकणारा चालक पुष्कळदा पूर्ण यान विकतच नाही. तो इंजिन, पंप, दांडा, विजेची पेटी काढून घेतो, नव्या रिकाम्या हलमध्ये बसवतो आणि जुने कवच तेवढे विकतो. हे शक्य होते कारण छोट्या कार्यशाळांनी आपले हल सुपरजेटच्या इंजिनाच्या बैठकीला जुळतील असेच घडवले. पुढे मोठी, ताणलेली इंजिने बनवणाऱ्यांनीही बोल्टची तीच मांडणी पाळली. यामाहाने कोणावर ही मांडणी लादली नव्हती. हजारो हातांनी ती मानक केली. मूळ यंत्र बंद झाले तरी त्याची भोके टिकली.

कायद्याला मात्र हे दिसत नाही. अमेरिकेत १९७२ पासून नौकेच्या हलवर बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो आणि यानाची कायदेशीर ओळख त्याच्याशी बांधलेली असते. म्हणजे १९९६ चे इंजिन तीन हलमधून फिरले तर दप्तरात ती तीन वेगळी याने. आणि हल तोच ठेवून आतले सर्व काही बदलले तरी यान तेच. चालकाच्या लेखी नेमके उलटे. त्याचे 'तेच' यान पोटातले, कवच हे अंगरख्यासारखे.

१२/
विशेष हलचा उगमही कारखान्यात नाही. जुन्या कावासाकीचा आणि सुपरजेटचा तळ करवतीने कापायचा, मधला तुकडा काढून लांबी कमी करायची, नाळ उचलून फायबरग्लासने पुन्हा जोडायची, असे प्रयोग चालकांनी घरच्या गॅरेजांत केले. त्या कापाकापीतून आलेले शहाणपण पुढे कार्यशाळांच्या साच्यांत उतरले. त्यांतल्या बहुतेकांनी नकाशे काढले नाहीत, पेटंट घेतले नाहीत, नाव राखले नाही. मागे राहिला तो एकच दस्तऐवज : विक्रीची जाहिरात. 'दीड हंगाम वापरलेला, नाळेच्या सांध्यावर दुरुस्ती, लाटांसाठी लांब हल हवा म्हणून देणे आहे', अशा धाटणीची एखादी ओळ. तीत पाणी आहे, देह आहे, तडा आहे आणि पुढचा मुक्काम आहे. हल विकला गेला की ती जाहिरात काढून टाकली जाते, आणि १,५०० सीसीचे माहितीपत्रक मात्र गुळगुळीत कागदावर जपले जाते.