पट्टा कुठे अडकवायचा?

मुक्तपणे खाली पडणाऱ्या दगडाची गणिते तुम्ही वहीत सोडविली असतील. आम्हा पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मंडळींना दगड फार आवडतो. त्याला घरदार नसते. आज त्याच्या जागी एक माणूस घ्या. तीन मीटर उंचीच्या परांचीवर उभा राहून तो भिंतीला गिलावा करीत आहे. तोल गेला तर जमिनीवर पोचायला त्याला किती वेळ लागेल? हवेचा विरोध सोडून दिला तर उत्तर येते ०.७८ सेकंद, आणि आपटतानाचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर. अनपेक्षित काही घडले की ते ध्यानात येऊन हात हलायलाच पाव ते अर्धा सेकंद जातो. अर्ध्या सेकंदात हा माणूस सव्वा मीटर खाली आलेला असतो.

म्हणून 'सांभाळून काम करा' अशी पाटी लावून भागत नाही. सांभाळायला लागणारा वेळच मिळत नाही. बचावाची तजवीज आधी व्हायला हवी, आणि ती कशी काम करते हे चढणाऱ्याला ठाऊक हवे. आपल्याकडे पुष्कळदा काय होते? अर्ध्या तासाचे भाषण, वहीत सही किंवा अंगठा, आणि हातात एक पट्टा. याला प्रशिक्षण म्हणायला माझे मन धजत नाही.

एक प्रयोग करून पाहा. वाळूची पाव किलोची पुरचुंडी शिवणाच्या अर्धा मीटर दोऱ्याला बांधून खुंटीला टांगा. दोरा ती सहज पेलतो. आता पुरचुंडी खुंटीपर्यंत उचलून सोडून द्या. दोरा तटकन तुटेल. मग दोरा व पुरचुंडी यांच्यामध्ये चार-पाच रबरबँडांची साखळी घालून तेच करा. बहुधा दोरा टिकेल. वजन तेच, उंची तीच. फरक पडला तो थांबायला मिळालेल्या अंतराचा. दोन मीटर पडलेला माणूस जर १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर दोराला सरासरी त्याच्या वजनाच्या २१ पट बल सोसावे लागते. तोच एक मीटरमध्ये थांबला तर फक्त ३ पट. दोर तुटला नाही तरी त्या २१ पटीचा झटका बरगड्यांना आणि कण्याला बसतोच.

चांगल्या पट्ट्याच्या दोराला घडी घालून शिवलेली एक जाड पट्टी असते, ती याचसाठी. झटका बसला की तिचे टाके एकामागून एक उसवत जातात आणि माणूस हळूहळू थांबतो. हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, तो उसवलेली पट्टी पुन्हा शिवून वापरील. काटकसरी माणूस दुसरे काय करणार?

आता मुख्य प्रश्न. पट्ट्याची कडी पाठीवर, पावलांपासून साधारण १.४ मीटर उंचीवर असते. दोर १.८ मीटर लांब आहे असे धरा. आकडा डोक्यावरच्या भक्कम तुळईला लावला तर माणूस फारसा पडतच नाही. पण तोच आकडा पायाजवळच्या नळीला अडकवला, तर दोर ताणला जाईपर्यंत तो ३.२ मीटर पडायला हवा. आपली परांची आहे तीन मीटरची! म्हणजे दोर ताणला जाण्यापूर्वीच माणूस जमिनीवर. अंगावर पट्टा आहे, आकडा लावलेला आहे, नियम पाळला आहे, आणि उपयोग शून्य. इतक्या कमी उंचीवर खरा उपाय पट्टा नव्हे; परांचीला चांगला कठडा आणि पायाखाली फटी नसलेल्या फळ्या हव्यात.

अपघात झाला की ठरलेले वाक्य ऐकू येते, 'पट्टा दिला होता, त्यानेच अडकवला नाही.' अडकवायला जागा होती का, हे कोणी विचारीत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना आकडा काढावाच लागतो, आणि माणूस नेमका तेव्हा मोकळा असतो. त्यासाठी दोन दोर लागतात. एक सोडण्याआधी दुसरा लावायचा. हे मुकादमाला आणि इंजिनिअरला आधी शिकवा, मग गवंड्याला. शिवाय त्याच्या भाषेत शिकवा. पुण्या-मुंबईच्या इमारतींवर मराठवाड्यातली माणसे असतात, तशी बिहार, झारखंड, ओडिशातलीही असतात. भाषणाऐवजी त्यांच्यासमोर वाळूचे पोते दोन रीतींनी पाडून दाखविले तर भाषेची अडचण बरीचशी दूर होईल. त्या दिवसाची मजुरी मात्र कापता कामा नये, नाहीतर कोणी येणार नाही.

'उंचावरचे काम, माणसे पडायचीच', असेही म्हणणारे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. तेव्हा अमेरिकेत दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू गृहीत धरीत, आणि हा पूल साडेतीन कोटींचा. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने पुलाखाली जाळी बांधली. तिने १९ जणांना झेलले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र कामाचा एक जड मंच सुटून जाळीवर कोसळला, जाळी फाटली आणि १० जण गेले. माणसांसाठी विणलेली जाळी मंच पेलू शकत नव्हती. तरी एकूण मृत्यू ११; गृहीत धरलेल्या पस्तीसच्या एक-तृतीयांश.

आणखी एक गोष्ट तालमीत हटकून राहून जाते. पट्ट्याने झेललेला माणूस दोराला लोंबकळत राहतो. पायांत रक्त साचते, आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली कोणी, कोणत्या शिडीने उतरवायचे, हे सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असायला हवे.

शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या चाचणीत दगडाऐवजी हे गणित घाला: दोर १.८ मीटर, आकडा कमरेच्या उंचीवर, म्हणजे पावलांपासून एक मीटरवर, आणि टाके उसवून पट्टी एक मीटर लांबणार. माणसाचे पाय जमिनीला लागू नयेत म्हणून परांची निदान किती उंच हवी?