छडी, शास्त्र आणि पोराचा कान

मुलांना मारावे की मारू नये, हा प्रश्न घेऊन दवाखान्यात कोणी येत नाही. कान दुखतो म्हणून येतात, पोर अलीकडे गप्प गप्प असते म्हणून येतात, सात वर्षांचा घोडा झाला तरी अंथरूण ओले करतो म्हणून येतात. तपासता तपासता मार निघतो. "थोडंसं हाणलं हो डॉक्टर, वळण नको का लावायला?" हे वाक्य आमच्या दुधनीत मी मराठीत ऐकतो तसे कन्नडातही ऐकतो. त्याला जात नाही, धर्म नाही. कोणी चाणक्याच्या नावावरचा श्लोक सांगतो : पाच वर्षे लाड, पुढली दहा वर्षे ताडन. कोणी श्यामच्या आईचा दाखला देतो. श्याम पोहायला जाईना तेव्हा तिनेही शिंपटी उचलली होती ना, म्हणून.

एका ख्रिस्ती कुटुंबाने मात्र मला निराळा आधार दाखवला. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) सज्जन माणसे, घरात व्यसन नाही, रविवारी गाडीने कलबुर्गीला उपासनेला जाणारी. मुलगा सात वर्षांचा, तक्रार अंथरुणाचीच. सदरा वर केला तर पाठीवर वळ. वडील शांतपणे म्हणाले, "रागाने मारत नाही, डॉक्टरसाहेब. पवित्र शास्त्रात आहे, म्हणून मारतो." हा गृहस्थ क्रूर नव्हता. बापाचे कर्तव्य करतो आहोत अशीच त्याची समजूत होती. दारूच्या नशेत मारणाऱ्यापेक्षा अशा माणसाशी बोलणे अवघड जाते.

मी ख्रिस्ती नाही. पण औषधाच्या बाटलीवरील कागद वाचावा तसे शास्त्रातील ते वचन नीट वाचून पाहावे असे वाटले. एका ओळखीच्या पाळकांशीही बोललो. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात आशय असा आहे की, जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. पाळकांनी सांगितले की, मूळ हिब्रू शब्द 'शेवेट'. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाची जी काठी भक्ताला धीर देते तिलाही हाच शब्द आहे. आपल्या भागात धनगराची काठी सर्वांनी पाहिली आहे. ती लांडग्यावर, कुत्र्यावर चालते. कळपाला वाट दाखवते. मेंढराच्या पाठीवर वळ उठवीत धनगर फिरत नाही. तसे करील तर मेंढरू गमावील.

हा अर्थ मला आवडला, पण एवढ्यावर भागत नाही. त्याच ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात मुलाला छडी मारण्याचे अगदी स्पष्ट म्हटले आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती परंपरेतही ते शब्दशः घेणारे पुष्कळ झाले. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांच्या मातोश्री सुझाना यांनी मुलांना छडीला भ्यायला आणि हळू आवाजात रडायला शिकवले होते, असे त्यांनी स्वतःच 1732 साली लिहून ठेवले आहे.

पण मग अनुवादाचा एकविसावा अध्याय काय म्हणतो? हट्टी, बंडखोर मुलाला आईबापांनी गावच्या वडीलधाऱ्यांपुढे न्यावे आणि गावाने त्याला धोंडमार करावा. आज एकही ख्रिस्ती बाप हे करणार नाही. कोणी सुचवले तर अंगावर धावून येईल. म्हणजे जुन्या काळचा दंड बाजूला ठेवण्याचा विवेक त्यांच्याकडे आहेच. धोंडा खाली ठेवता आला, तर छडी का ठेवता येऊ नये?

दुसरे असे की, मारणाऱ्या बापांना नव्या करारातील एक ओळ सहसा आठवत नाही. पौलाने इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत बापांना बजावले आहे, मुलांना चिडीस आणू नका, ती खचतील. रोमन कायद्याने बापाला मुलावर जवळजवळ अमर्याद सत्ता दिली होती, त्या काळात हे लिहिले गेले. तिथे आज्ञा मुलाइतकीच बापालाही आहे. आणि लहान मुलांना दटावून दूर करणाऱ्या शिष्यांवर येशू रागावले व त्यांनी मुलांना कवेत घेतले, ही गोष्ट तर ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी सोलापुरात किंडरगार्टन चालवले. मेरी हार्डिंग बाईंचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. खेळ, गाणी आणि हातकाम यांतून शिकवण्याची ही पद्धत काढणारे जर्मनीचे फ्रेबेल एका धर्मोपदेशकाचेच चिरंजीव. तेव्हा छडीवाचून शिस्त हे ख्रिस्ती घराला परके मुळीच नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. त्या मुलाचे अंथरूण ओले होण्यात खोडी नव्हती. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधरा-एक मुलांना हा त्रास असतो आणि वय वाढेल तसा बहुतेकांचा आपोआप जातो. झोपेत भरलेल्या मूत्राशयाची जाणीव मेंदूला होत नाही, त्याला मूल काय करणार? बद्धकोष्ठ, लघवीतील जंतुदोष, क्वचित मधुमेह हे पाहावे लागते. भीतीने त्रास वाढतो. त्याच्या वडिलांना मी एवढेच विचारले, झोपेत घडलेल्या गोष्टीची शिक्षा शास्त्रात कुठे सांगितली आहे? ते बराच वेळ बोलले नाहीत. मुलाला संध्याकाळनंतर पाणी बेताचे द्यायचे, झोपण्यापूर्वी लघवीला न्यायचे, कोरड्या रात्रीची कॅलेंडरवर खूण करायची आणि ओल्या रात्रीबद्दल अवाक्षर काढायचे नाही, असे ठरले. बद्धकोष्ठ होते, त्याला औषध दिले. पूर्ण कोरडे व्हायला आठ महिने लागले.

मारून काय साधते, हे शास्त्रज्ञांनीही तपासले आहे. 2016 साली दोन अमेरिकन संशोधकांनी 75 अभ्यास, म्हणजे दीड लाखाहून अधिक मुलांची माहिती, एकत्र करून पाहिली. चापटी-फटक्यांनी मुले सुधारल्याचे दिसले नाही. आक्रमकपणा आणि मनाचे त्रास मात्र मार खाणाऱ्या मुलांत जास्त आढळले. आपल्याकडे शाळेत मारण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरातल्या चापटीवर तशी सरसकट बंदी नाही, पण क्रौर्य झाले तर 2015 चा बाल न्याय कायदा आईबापांनाही लागू होतो. स्वीडनने 1979 मध्येच घरातला मारही बंद केला.

शिस्त नकोच असे मी म्हणत नाही. झोपेची, जेवणाची, अभ्यासाची वेळ ठरलेली असावी. सांडले तर पुसायला लावावे, दुसऱ्याची वस्तू मोडली तर खाऊच्या पैशातून भरून द्यायला लावावी. आईने नाही म्हटले की बापानेही नाहीच म्हणावे. निम्मा हट्ट तिथेच संपतो. आपला हात उठू लागला तर खोलीबाहेर जावे.

एक गोष्ट आजच सांगून ठेवतो. कानशिलात बसल्याने कानाचा पडदा फाटतो. असे कान मी पाहिले आहेत. तान्ह्या मुलाला रागाने गदागदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मार बसल्यावर मूल ऐकेनासे झाले, कानातून रक्त किंवा पाणी आले, उलट्या होऊ लागल्या किंवा ते झापडल्यासारखे वाटले, तर घरी थांबू नका. कानात तेल घालू नका, कापूस कोंबू नका. तसेच घेऊन या, आणि काय घडले ते खरे सांगा.